मायची गाडी आणि रनाळ्याची लाइन

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तापीकाठच्या आमच्या गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. मायला श्वासाचा विकार जडला होता आणि होळीनंतर ऊन तापू लागलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. तिच्या सेवेसाठी मी सासरहून माहेरी आले होते. मी आणि आबा आळीपाळीने हातपंख्याने तिला वारा घालायचो. हात भरून यायचे, पण तिला पुरायचं नाही.

रनाळ्याला आबांच्या मावसभावाची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथे वीज होती, पंखे होते. काकांनी कितीदा बोलावलं, पण खोकणारं आजारपण घेऊन दुसऱ्याच्या घरात पडायचं नाही, असं मायचं ठाम म्हणणं. तेव्हा आबांनी वेगळाच मार्ग काढला. सुरतेच्या बाजूला लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या, त्यातली एक रुग्णवाहिका त्यांनी आणली. सुताराकडून आत खाट बसवून घेतली, खिडक्यांना पडदे लावले, एक दिवा, एक टेबलफॅन आणि बॅटरीवर नि विजेवरही चालणारा आमचा रेडिओ ठेवला. गाडी जिनिंगच्या आवारात कडुलिंबाखाली उभी करायची आणि काकांच्या लाइनवरून वायर ओढायची. घर आपलं, करंट तेवढा त्यांचा. मायने मान डोलावली. जाताना वाटेत मागचं दार उघडं ठेवायला लावून ती रस्ता बघत राहिली. किती दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

पहिल्या दिवशी पंखा सुरू झाला आणि माय शांत झोपली. संध्याकाळी जिनिंग सुटली. यंत्रं थांबली तसा गाडीतला दिवा पांढराफेक झाला, पंखा किंचाळल्यासारखा फिरू लागला, आणि आबा वायर ओढेपर्यंत दिवा फुटला. रेडिओतून करपल्याचा वास आला. यंत्रं बंद पडली की लाइनचा दाब एकदम चढतो, हे काकांनी तेव्हा सांगितलं. त्यांच्याकडचे दिवेही असेच जायचे म्हणे. पंखा कसाबसा वाचला. रेडिओ मात्र गेला, आणि माय दिवसभर भजनं ऐकायची ती बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मायजवळ काकूंना बसवून मी आणि आबा नंदुरबारला विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकेक वस्तू समोर ठेवली. एक फ्यूजची बारीक तार. पण तिच्यावर भरवसा नाही, दाब चढला तरी ती वेळेवर वितळेलच असं नाही, असं तो स्वतःच म्हणाला. दुसरी एक पेटी. दाब चढला की ती लाइन तोडायची. मग बटण दाबून पुन्हा जोडायची. तिसरं एक जड यंत्र. त्यावर काटा आणि फिरवायची मूठ. काटा वर गेला की माणसाने मूठ मागे घ्यायची, खाली आला की पुढे.

आबा एकदा ही वस्तू हातात घेत, एकदा ती. शेवटी त्यांनी विचारलं, खाटेवर पडलेल्या माणसासाठी यातलं कोणतं चांगलं? दुकानदाराने पेटी पुढे सरकवली.

"हाई पेटी पंखाले वाचाडी," तो म्हणाला. "माणूसनं मी काय सांगू?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार होतं? मी म्हटलं, पंखा वाचला तर वारा मिळेल. आम्ही पेटी घेतली.

पेटीने आपलं काम चोख केलं. दुपारी मजूर जेवायला गेले की यंत्रं थांबायची, आणि पेटी खट्‌कन लाइन तोडायची. नेमकी तीच भर उन्हाची वेळ. आबा बटण दाबायचे, ती पुन्हा तोडायची. माय उठून बसायची, दोन्ही हात खाटेवर रोवून श्वास ओढायची. पंख्याला काही झालं नव्हतं. तो फक्त फिरत नव्हता.

मग आबांनी जाऊन ते मुठीचं यंत्र आणलं. त्या दिवसापासून ते गाडीत स्टुलावर बसले ते बसलेच. डोळे काट्यावर, हात मुठीवर. जेवणाचं ताट मी तिथेच नेऊन द्यायचे आणि ते न बघता घास घ्यायचे. मी बसते म्हटलं तर म्हणायचे, तुला जमणार नाही. पंखा चालू राहिला. मायचा श्वासही जरा सुधारला. पण ती कुशीवर वळून त्यांच्या पाठीकडे बघत पडून राहायची.

एका दुपारी ती म्हणाली, "त्या काटाकडे नका देखू. जरा मन्हाकडे देखा."

"तुन्हाकडे देखसू तं पंखा जळी जाई," आबा मान न वळवता म्हणाले.

 थोड्या वेळाने तिला खोकल्याची उबळ आली, अशी की तिचे डोळे पांढरे झाले. आबा मूठ सोडून धावले. आम्ही दोघांनी तिला धरून बसवलं. त्याच वेळी जिनिंगची यंत्रं थांबली. पंखा घरघरला, त्यातून धूर निघाला आणि गाडीभर जळका वास पसरला. तो बंद करायला आमच्यापैकी कुणाचा हात मोकळा नव्हता.

त्या संध्याकाळी आबा बाहेर लिंबाखाली उकिडवे बसले होते. मुंबईत आपोआप दाब सांभाळणारं यंत्र मिळतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं. ते आणावं का, नवा पंखा आधी घ्यावा का, की गाडी दुसरीकडे न्यावी, असं ते मला विचारत राहिले. मायनेच हाक मारून सांगितलं, "माले घर लई चाला."

आम्ही तिला घरी आणलं. गाडीतल्या खाटेची सवय झाल्याने ती उतरायला तयार नव्हती, म्हणून गाडी अंगणातच उभी केली आणि दारांवर ओल्या चादरी टांगल्या. आबा तिच्या उशाशी बसून हातपंख्याने वारा घालत. आता त्यांचं तोंड तिच्याकडे असायचं. तिला बोलवेनासं झालं होतं. ज्येष्ठ लागायच्या आत एका दुपारी ती गेली. कधी ते आबांनाही कळलं नाही. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते वारा घालतच होते. त्यांच्या हातातून पंखा काढून घ्यायला माझा हात उठेना. मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.