चादरवाल्या मामांची गाठ

सोलापुरात मी जेवढी शूर माणसं पाहिली, त्या सगळ्यांत घाबरट माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आणि जेवढी घाबरट माणसं पाहिली, त्यांत सर्वांत शूरही तोच.

अद्वैत, परवा फोनवर ईरा सांगत होती की तुमच्याकडच्या त्या मोठ्या उद्यानात तू गरगर फिरणाऱ्या गाडीत बसलास आणि उतरल्या उतरल्या तुझं पोट उलटलं. ती हसत होती, मागे तुझी आई हसत होती, तू मात्र फोनवर यायला तयार नव्हतास. म्हणून हे दोघांसाठी लिहिते आहे. ईरानेही वाचावं, आणि वाचून झाल्यावर भावाला एक पेला लिंबूपाणी द्यावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमच्या आजोबांची सोलापूरला बदली झाली आणि आम्हाला पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत घर मिळालं. दिवसभर मागांचा खटखट आवाज. पहिले आठ दिवस मला झोप आली नाही, आणि नंतर सुटीच्या दिवशी माग बंद असले की झोप येईना. शेजारच्या घरात चार हातमाग होते आणि त्यांचे मालक म्हणजे आमचे चादरवाले मामा. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागलं तर हिंदी, अशी त्यांची भाषांची वाटणी होती. उंच, काळेसावळे, मिशा अशा की नव्या पोस्टमनने पहिल्या दिवशी पत्र लांबूनच टाकलं होतं. एकदा मागाच्या खड्ड्यात साप निघाला. विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसतात. कामगार पळत रस्त्यावर आले. मामा शांतपणे आत गेले, सापाला पोत्यात घातलं, सायकलला अडकवून माळावर सोडून आले आणि वर त्याला म्हणाले म्हणे, "परत येऊ नगंस, हितं बसायला जागा न्हाय."

असा हा माणूस आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्याला घाबरायचा.

बसायचे झोपाळ्यावरच, कारण ती मानाची जागा होती. पण दोन्ही पाय जमिनीत रोवून, जणू झोपाळा यांच्या आधारावर उभा आहे. तुझे बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. एकदा त्यांनी मागून हळूच ढकलला, तर मामांनी साखळीला अशी मिठी मारली की हातातला चहा पूर्ण माझ्या धुतलेल्या फरशीवर. "आरं, आरं, थांबीव की! माणूस बसलाय!" नंतर पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मी लिंबू आणून दिलं. त्यांचं स्वतःचं एक लिंबू सदऱ्याच्या खिशात कायम असायचं, पण ते म्हणाले, "ते प्रवासाचं हाय. हितं घरचं लागंल."

प्रवासाची तर वेगळीच कहाणी. दरवर्षी कुटुंबासह ते तुळजापूरला जायचे. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा, खिडकी उघडी, नाकाला लिंबू. पण घाट आला की उतरायचे. मामी आणि मुलं बसने वर जायची, मामा पायी. देवळात पोचेपर्यंत मामींचं दर्शन होऊन प्रसादही वाटून झालेला असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घाट चालत चढलं की देवी लवकर पावती, वैनी." मामी शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चालत उतरलं की पण पावती का? उतरताना पण चालतच असताय."

मामी बुटक्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांची बोटं मात्र सतत चालत. मागावर सूत तुटलं की कामगार त्यांना हाक मारायचे. मामी यायच्या, दोन टोकं धरायच्या, काय करायच्या ते दिसायचं नाही, आणि सूत जोडलेलं असायचं. गुंता झाला तर तोही त्यांच्याकडेच जायचा. त्यांच्या आईकडेही मागच होते, त्यामुळे हे सगळं त्या बोलायच्या आधी शिकल्या असाव्यात.

आता गड्ड्याकडे वळते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि पुढे दोन-तीन आठवडे चालते, तिला सोलापूरकर गड्डा म्हणतात. मैदानावर दुकानं, भजी, बांगड्या, मौत का कुआँ, आणि सगळ्यांच्या वर दिसणारा तो लोखंडी आकाशपाळणा. गल्लीतल्या सगळ्या मुलांना गड्ड्याला नेण्याचं काम मामांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं होतं. स्वतः पाळण्यापासून दहा पावलांवर थांबायचे, पण तिथून सेनापतीसारखे हुकूम. आधी पाळणेवाल्याची उलटतपासणी. "नट आवळलेत का? कवा आवळलेत? कुणी आवळलेत? त्याला बोलीव." मग मुलांच्या चपला गोळा करून एका फडक्यात बांधायच्या, कारण वरून चपला पडतात. पाळणा सुरू झाला की खालून ओरडायचे, "खाली बघू नका! वर बी बघू नका!" तुमची आत्या वरून ओरडायची, "मग बघायचं कुठं, मामा?" तेवढ्यात मामांना वर मान करूनच भोवळ आलेली असायची. ते पाळण्याकडे पाठ करून चपलांच्या गाठोड्यावर बसायचे आणि मला विचारायचे, "उतरली का पोरं?"

या सगळ्यात मामी बाजूला उभ्या असायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, मला पाळण्यात बसायचंय, तुमच्याबरोबर. त्या काळी गड्ड्यात नवीन जोडपी पाळण्यात बसायची, तेवढंच चारचौघांत शेजारी बसायला मिळायचं. मामा म्हणाले होते, "पुढल्या वर्षी." त्या वर्षी धोतर नवं होतं. पुढल्या वर्षी पोटात मूल होतं. त्यानंतर मोठी ऑर्डर, मग वार वाईट, मग पाळण्याचा रंग मनाला येईना. एका वर्षी तर म्हणाले, "आमचा जलम खड्ड्यात पाय सोडून गेला. मला वर कशाला नेतीस?" मी एकदा म्हटलं, "मामी, चला, मी बसते तुमच्याबरोबर." त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर बसायचं असतं तर कधीच बसले असते, वहिनी."

मग एका वर्षी भोगीच्या दिवशी मी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी द्यायला गेले, तेव्हा मामी सहज म्हणाल्या, "यंदा मुलांबरोबर तुम्हीच जा. मी गड्ड्याला येणार नाही."

"का हो? बरं नाही का?"

"बरं आहे. दरवर्षी जायचं, शेंगा खायच्या, लोकांचे पाय वर गेलेले बघायचे आणि घरी यायचं. केस पांढरे झाले की. आता मी त्यांना विचारणार पण नाही."

रागावल्या नव्हत्या, रडत नव्हत्या. मला ते जास्त लागलं. संध्याकाळी मामा आमच्याकडे आले, झोपाळ्यावर बसले, पाय रोवले. मिशा उतरलेल्या.

"वैनी, ती येत न्हाय म्हणती."

"मला माहीत आहे."

"भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायलीच न्हाय वो."  मग सापाच्या खड्ड्यात उतरताना दिसला असेल तसा चेहरा करून म्हणाले, "ह्यो झोपाळा हलवा."

तुम्हाला माहीत आहे, मला कामं क्रमाने केलेली आवडतात. मी रीतसर तालीम आखली. आधी एक वीत पुढे-मागे, डोळे उघडे. मग दोन वीत. मग पाय जमिनीवरून उचलून. यात्रा संपेपर्यंत रोज संध्याकाळी, मामी स्वयंपाकात असताना. तुमचे आजोबा ढकलायचे, मी पुढे उभी राहायची, आणि मामा तोंडात लिंबाची फोड धरून रामनाम घ्यायचे; ते आंबट रामनाम अजून कानात आहे. पाय उचलायच्या पायरीवर आम्ही अडलो ते अडलोच. आजोबा म्हणायचे, "उचला, मामा, मी आहे मागे." मामा म्हणायचे, "तुमी हाय, पण जमीन न्हाय ना!" भिंतीपलीकडे मामींच्या भांड्यांचा आवाज या वेळी अगदी थांबलेला असायचा. त्यांना कळत नव्हतं असं फक्त मामांना वाटत होतं.

शेवटच्या रविवारी मामा अंगावर नवी कोरी चादर घेऊन दारात उभे राहिले आणि आतल्या दिशेने म्हणाले, "चल. बसायचंय." मामींनी लुगडं बदललं, वेणीत फूल घातलं.  चादर थंडीसाठी आहे असं आम्हाला वाटलं.

पाळण्यात बसल्याबरोबर मामांनी ती चादर कमरेभोवती घेतली, पाठीमागच्या लोखंडी दांड्याभोवती फिरवली, आणि दोन्ही टोकांची पाठीशी अशी गाठ मारली की पाळणा मोडला असता पण मामा पडले नसते. पाळणेवाला म्हणाला, "मामा, पाळणा हाय, वरात न्हाय." मामा म्हणाले, "तू तुझं इंजिन बघ."

इंजिन फटफटलं. पाळणा वर गेला. मामांचे डोळे घट्ट मिटलेले, तोंडातून आधी तेलुगू, मग मराठी, मग नुसताच आवाज. मामा-मामींच्या चपलांचं गाठोडं त्या दिवशी माझ्याकडे होतं. गल्लीतली मुलं खालून ओरडत होती, "मामा, खाली बघू नका! वर बी बघू नका!" शेजारी मामी ताठ बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड लहान मुलीसारखं उघडं होतं.

फेरी संपली. बाकीचे सगळे उतरले, मामा उतरेनात, म्हणून मामीही शेजारी बसून राहिल्या. इतक्या हिसक्यांनी गाठ आवळून दगड झाली होती, आणि ती पाठीमागे असल्याने त्यांना न बघता सोडवता येत नव्हती. रांगेतले लोक ओरडू लागले. "ओ मिशीवाले, घर बांधलं का वर?" पाळणेवाल्याने खटपट केली, नखं मोडून घेतली आणि शेवटी सुरी काढली. "कापतो."

मामा गरजले, "हात लावशील तर बघ! विणलेली चादर हाय ती! कापायला न्हाय विणली!"

"मग काय जल्मभर बसताय?"

"थांबा," मामी म्हणाल्या, "मी सोडते." त्या वाकल्या, पाठीमागे हात घालून गाठ चाचपली. बराच वेळ चाचपली. मग मान हलवून म्हणाल्या, "सुटत नाही, अवो."

पाळणेवाल्याने कपाळावर हात मारला, बाकीचे पाळणे भरले आणि घंटा वाजवली. मामांची किंकाळी अर्ध्या गड्ड्याने ऐकली असेल. पण दुसऱ्या फेरीत मी वर पाहिलं तर आवाज बंद होता. मामी हात लांब करून काहीतरी दाखवत होत्या. तलाव, देवळावरचे दिवे, गिरणीची चिमणी, आणि पलीकडे अंधारात आमचा पूर्व भाग. आणि मामांचे डोळे उघडे होते. चेहरा हिरवट, पण डोळे उघडे.

खाली आल्यावर मामींनी पुन्हा गाठीला हात घातला. या खेपेला ती लगेच सुटली.

मामा उतरले, सरळ इंजिनामागे गेले आणि अद्वैत, तुझ्यासारखंच झालं. मामींनी पाठीवरून हात फिरवला, लिंबू दिलं. मग भरल्या मैदानात मांडी घालून मामा मला म्हणाले, "वैनी, वरनं आपलं सोलापूर लई चांगलं दिसतं. पण खालनं जास्त चांगलं दिसतं."

दुसऱ्या दिवशी माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीची जुनी, पावसाने फुगलेली गाठ मला सुटेना. मामी भिंतीशी आल्या, बोलता बोलता हात घातला, आणि गाठ सुटली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"मामी, काल ही बोटं कुठे गेली होती?"

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "काल काय घाई होती, वहिनी?"

हे मी कुणाला सांगितलं नाही. आमची बदली झाली, मग तुमचे बाबा शिकायला बाहेर पडले. पुष्कळ वर्षांनी मामी गेल्याचं कळलं तेव्हा मी सोलापूरला गेले. बदलीच्या वेळी झोपाळा आम्ही मामांनाच देऊन आलो होतो. तो त्यांच्या ओसरीवर टांगलेला होता. मामांच्या मिशा पूर्ण पांढऱ्या. मागांपैकी एकच चालू होता. ते झोपाळ्यावर बसले होते, पाय जमिनीत रोवून. बोलता बोलता गड्ड्याचा विषय निघाला, आणि मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही.

"मामा, त्या दिवशीची गाठ मामींना सुटत होती."

"ठाऊक हाय की," मामा म्हणाले. "तिला सुटायची न्हाय अशी गाठ सोलापुरात कुणी मारलेली न्हाय. पाठीला माझ्या कळत हुती तिची बोटं. गाठ ढिली केली, अन् परत वडली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? इतके घाबरला होतात!"

"बोललो असतो तर उतरावं लागलं असतं."

बाहेर कुणाच्या तरी मागाचा खटखट आवाज येत होता. मामांनी खिशातलं लिंबू काढलं, नाकाला लावलं, परत ठेवलं. मग दोन्ही हातांनी साखळी धरली आणि अगदी सावकाश, आधी एक आणि मग दुसरा, असे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.