तिसऱ्या फोनचं पान

शिवाजी पेठेतल्या एका गाळ्यात अनुजाचं पायाने चालवायचं जुनं छपाई मशीन आहे. कविता तिच्या, चित्रंही तीच लिनोच्या मऊ तुकड्यावर कोरते आणि शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून पुस्तक छापते. प्रती चाळीसच, शिवणसुद्धा हाताची. खिळे जुळवायला शिकवलं गुंडूकाकांनी. त्यांची हयात छापखान्यात गेलेली.

यंदाचं पुस्तक धाकट्या बहिणीवर होतं. संयोगिताला मलकापुरात दिलेली. चार वर्षांपूर्वी ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं दोन्ही घरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात 'मला न्यायला या' म्हणून तिने माहेरी तीनदा फोन केला होता, हे कुणीच बोललं नाही.

शेवटचं पान त्या फोनांचं होतं. दुपारी त्याचं प्रूफ दोरीवर वाळत असताना अनुजाचा थोरला भाऊ राजवर्धन आत आला. त्याने ते उभ्यानेच वाचलं.

"हे छापायचं न्हाय."

"छापणार, दादा."

"घराची अब्रू वेशीला टांगतीस व्हय? 'घरचे म्हणाले, कळ काढ'! घरचे म्हंजे कोण? पहिला फोन आईनं घेतला, दुसरा मी. आन् तिसरा? त्ये का न्हाय लिवलंस?"

राजवर्धनने जुळवलेल्या पानाची चौकट उचलली आणि फरशीवर आपटली. खिळे चहूकडे उडाले. ती पुढे धावली, तशी त्याची मूठ वर गेली. ती हलली नाही. कोपऱ्यात शिवण घालत बसलेले गुंडूकाका मध्ये शिरले.

"हात खाली घ्या, पावणं."

मूठ कितीतरी वेळ तशीच होती. मग तो तरातरा निघून गेला.

अनुजा फरशीवर बसली. विखुरलेले खिळे एकेक करून गोळा करू लागली.

"उद्या जुळवू की, पोरी."

"न्हाय काका. आत्ताच."

प्रूफाकडे न बघता तिने पान पुन्हा जुळवलं. 'घरचे म्हणाले' या जागी आली तेव्हा हात थांबला. मग तिने तिथे जुळवलं, 'मी म्हणाले'.

पहिली प्रत तिने आईला दिली. आई सावकाश, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचत गेली.

"आनी एक हाय का?" आई म्हणाली. "मलकापूरला धाडायचं हाय."

पुस्तक पोस्टाने गेलं. तिकडून काही उत्तर आलं नाही. राजवर्धन अजून अनुजाशी बोलत नाही.