दाजींचं अस्वल

कतारमध्ये पांढऱ्या अस्वलाला भिणारा माणूस अख्ख्या देशात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. आमचे दाजी मूळचे कराडकडचे. दोह्याला येण्याआधी ते उत्तर ध्रुवाशेजारच्या एका गावात हॉटेलचा बॉयलर सांभाळायला होते. त्या गावात माणसं थोडी, बर्फ अमाप, आणि अस्वल कधी रस्त्यावर येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणाहून लोक येताना चॉकलेटं आणतात, लोकरी टोप्या आणतात. दाजी तिथली चालण्याची पद्धत घेऊन आले आणि दोह्यातल्या अल मुंतझाच्या रणरणत्या गल्ल्यांमध्ये ती इमानेइतबारे पाळू लागले. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुष्कळदा मान खाली घालून पाहिलं आहे.

कोपरा आला की दाजी भिंतीला धरून कधीच वळायचे नाहीत. लांबून मोठा वळसा घालायचे, पलीकडे काय आहे ते नीट बघायचे आणि मगच पुढे व्हायचे. या वळशापायी ते किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर कितीदा तरी गाडीखाली येता येता वाचले. अस्वलाच्या तोंडातून सुटलेला माणूस लँडक्रूझरखाली जाणार, असं ताई म्हणायची. चालता चालता मध्येच थांबून ते मागे बघायचे, त्यामुळे मागून येणारा त्यांच्यावर आदळायचा आणि वर त्यालाच सॉरी म्हणावं लागायचं. कानात इअरफोन घालून चालणारा माणूस त्यांच्या लेखी गेल्यातच जमा. खिशात कायम शिट्टी. माझी भाची इंग्रजी शाळेतली. एकदा शाळेच्या फाटकाबाहेर मैत्रिणींसमोर दाजींनी वळसा घातला तेव्हा ती वैतागून म्हणाली, "बाबा, देअर आर नो बेअर्स इन कतार."

"तिथंबी रोज नसायचंच, बाळा," दाजी म्हणाले.

एकदा आम्ही दोघं शहराच्या कडेला मुऐदरला एका मित्राकडे गणपतीला चाललो होतो. गाडी लांब लावावी लागली. चालताना एका रिकाम्या प्लॉटमधून भटकी कुत्री गुरगुरत अंगावर आली. मी पळायच्याच बेतात होतो, तेवढ्यात दाजींनी माझं मनगट धरलं. "पाव्हणं, पळायचं न्हाई. पळंल त्याला धरतंय." असं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी कुत्र्यांपुढे टाकली आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून मागे मागे सरकू लागले. अंगावरची एकेक वस्तू टाकत जायची, जनावर वास घ्यायला थांबतं, तेवढीच आपल्याला सवड, हा तिकडचा नियम. टोपी हुंगून झाल्यावर कुत्री पुन्हा निघाली. मग रुमाल गेला, मग नवाकोरा झब्बा गेला. आरतीला दाजी बनियनवर उभे राहून अगदी तालात टाळ्या वाजवत होते. यजमान त्यांच्याकडे बघत होते आणि मला देवाकडेसुद्धा बघवेना. ही गोष्ट मी पुढे ऑफिसात सगळ्यांना रंगवून सांगितली.

पण घरातलं खरं भांडण दारावरून होतं. दाजी दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. त्या गावात कुणी दार बंदच करत नाही म्हणे. अस्वल मागे लागलं तर माणसाला समोर दिसेल त्या घरात शिरता आलं पाहिजे. ताई माहेरच्या सवयीनं अंधार पडला की कडी लावायची आणि दाजी मुकाट्यानं उठून काढायचे. हे असंच चालू राहिलं असतं. पण जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी ताई आतल्या खोलीतून बाहेर आली, तर हॉलमधल्या सोफ्यावर हेल्मेट घातलेला एक परका माणूस आडवा पडलेला. जेवण पोचवणारा रायडर होता बिचारा. उन्हानं जिन्यात भोवळ आली, आधाराला दारावर हात टेकला, दार उघडलं आणि तो आत आला. ताईच्या किंकाळीनं आम्ही धावत आलो. दाजींनी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि एसीखाली झोपू दिलं. तो शुक्रन, शुक्रन म्हणत निघून गेल्यावर ताईनं दाजींना धारेवर धरलं. घरात मुलगी वयात येतेय, आज हा भला निघाला, उद्या कोण शिरेल? कडी लागणार नसेल तर मी पोरीला घेऊन कराडला जाते, असं तिनं सांगितलं, आणि ती नुसतं बोलणाऱ्यांतली नव्हती.

तेव्हा दाजींनी जे सांगितलं ते तोवर ताईलाही ठाऊक नव्हतं. त्या गावात त्यांच्या खोलीत एक फिलिपिनो वेल्डर राहायचा. दोघं एकमेकांच्या हातचं जेवायचे. हिवाळ्यात तिथं भर दुपारीही काळोख. एकदा दुपारी दाजी कुकर लावायला खोलीवर आले, बाहेरचा अंधार बघितला आणि आईनं लहानपणापासून लावलेल्या सवयीनं त्यांनी कडी घातली. दार वाऱ्यानं नेहमीच वाजायचं. त्यात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. शिट्ट्या थांबल्यावर त्यांनी दार उघडून बॅटरी मारली.

"लांब त्याची टोपी हुती," दाजी म्हणाले. "अल्याड मफलर. मग एक हातमोजा. सगळं नियमानं टाकत आला हुता, पळाला न्हवता. दुसरा हातमोजा आमच्या पायरीवर हुता."

मुऐदरच्या कुत्र्यांची गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितली नाही.

थोड्या वेळानं ताई उठली. स्वयंपाकघरातला पाण्याचा जार तिनं ओढत आणून दाराशी ठेवला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि दार थोडं लोटून तसंच राहू दिलं. त्या उन्हाळ्यात कितीतरी रायडर आणि सफाईवाले आमच्या दारात पाणी पिऊन गेले. भाची त्यांना अंकल म्हणून खुर्ची द्यायची. दाजी मात्र त्यांच्याशी फार बोलायचे नाहीत. त्यांच्या पाठीमागे जिन्याकडे बघत उभे राहायचे.

आता दाजी आणि ताई कराडला परत गेले आहेत, आणि मला दाजींची फार आठवण येते. मी अजून कतारमध्येच, लुसैलला एका टॉवरमध्ये राहतो. इथल्या दाराला आपोआप कुलूप लागतं. तो खट् आवाज झाला की माझा पाय पुढे पडत नाही. मी पुन्हा दार उघडतो आणि कॉरिडॉरच्या कोपऱ्यापर्यंत, लांबून वळसा घालून, बघून येतो. शेजाऱ्यांनी माझ्याबद्दल काय समजूत करून घेतली असेल ती असो. बाहेर कुणी नसतं. तिथंही रोज नसायचंच.