ऐकण्याच्या तासाचा टीव्ही

खडकीच्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवत होते. मुलांना ऐकून इंग्रजी कळावं, म्हणून मुख्याध्यापकांनी टीव्ही आणि व्हीसीआर घेतला. हार घालून, नारळ फोडून त्याचं उद्घाटन झालं. पहिल्या कॅसेटमध्ये एक बाई दुकानदाराशी बोलत होती. ती संपल्यावर मी विचारलं, "त्या बाईला काय हवं होतं?" वर्गाने मला तिच्या टोपीचा रंग, दुकानातलं मांजर आणि दुकानदाराचं टक्कल सांगितलं. ऐकणं सोडून सगळं उत्तम झालं होतं.

पुढच्या तासाला मी पडद्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि नुसता आवाज लावला. मुलं कुरकुरली, मग गप्प झाली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर एरवी तोंड न उघडणारी, एका शिंप्याची मुलगी उठली. "बाई, तिला छत्री परत करायचीय. तो नाही म्हणतोय, पण फार गोड बोलून." मला इतका आनंद झाला, की मुख्याध्यापक दारात उभे आहेत हे कळलंच नाही.

"अहो बाई, एवढा टीव्ही झाकून ठेवायला घेतला का?"

"सर, ऐकण्याचा तास आहे. आपणही बसा."

ते बसले. संवाद संपल्यावर मी अदबीने विचारलं, "दुकानदार काय म्हणाला, सर?"

"चित्र दिसत नसताना कसं सांगणार?" असं म्हणून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की तासाला टीव्ही झाकू नये. मी ती तंतोतंत पाळली. टीव्ही उघडा ठेवला आणि मुलांना त्याच्याकडे पाठ करून बसवलं.