सड्यावर रेंज येते तिथे

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही दोघी आणि आई, अशा तिघी दिंडोशीच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहतो. बाबा आधी गिरणीत होते, नंतर वॉचमनची नोकरी करायचे. बहीण दहा वर्षांची असताना ते गेले. तेव्हा मी कॉलेजात होते.

लहानपणी ती ज्या शाळेत जायची, तिथे तिला ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवत. हातवारे करायची सवय लागली तर बोलणार नाही, असा त्यांचा समज होता, म्हणून वर्गात हात बाकावर ठेवायचे. शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, पण एक शब्द नीट यायला आठवडा जायचा. घरी आम्ही आमच्या आमच्या खुणा करून घेतल्या होत्या. वेणी ओढल्यासारखं केलं की मी, मिशीवर बोट फिरवलं की बाबा, नाकापाशी चिमूट नेली की आई. जेवण, अंघोळ, दुकान, ताप एवढ्यात आमचं भागायचं. ती शांत मुलगी आहे, असं सगळे नातेवाईक म्हणायचे आणि आम्हालाही तसंच वाटायचं.

शिकून ती अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर माहिती भरायच्या कामाला लागली. लोकांच्या ओठांकडे बघून तिचं काम चालायचं. मग मास्क आले. एका दिवसात सगळ्यांचे ओठ नाहीसे झाले. केमिस्टच्या दुकानातून ती रडत घरी आली, कारण तो माणूस काहीतरी पुन्हापुन्हा विचारत होता आणि तिला त्याचे फक्त डोळे दिसत होते.

नंतर ऑफिसच बंद झालं आणि ती दिवसभर मोबाइल घेऊन खिडकीपाशी बसायला लागली. आईला वाटलं, पोरगी फुकट गेली. मी एकदा मागून जाऊन बघितलं तर पडद्यावर सहा चौकोनांत सहा मुलंमुली हातांनी बोलत होती. कुणी नागपूरचं, कुणी इंदूरचं, एक जण केरळचा. सगळे न ऐकू येणारे. ती त्यांच्याकडून खुणांची खरी भाषा शिकत होती. नुसते शब्द नव्हे, व्याकरण असलेली, विनोद करता येणारी, भांडता येणारी भाषा. दोन-तीन महिन्यांत तिचे हात इतके भराभर चालायला लागले की मला काही कळेना. माझी बहीण बडबडी आहे, हे मला तिच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

मग मीही तिच्या शेजारी बसून शिकायला लागले. माझी बोटं चुकली की ती कपाळावर हात मारायची आणि माझी बोटं धरून सरळ करायची.

आईची गावाकडे एक चुलत बहीण आहे, देवगडच्या बाजूला. तिच्याशी फोनवर बोलताना आई एकदा म्हणाली, "आमचा चेडू आता मोबाइलवर हातांनी गजाली करता." पलीकडून मावशी म्हणाली की तिच्या शेजारीही अशीच एक पोर आहे, आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईचा मला फोन आला. बाई खूप अडखळत बोलत होती. अशा मुलांची शाळा जिल्ह्याच्या गावाला होती, तिथे वसतिगृहात ठेवायला तिचा जीव होत नव्हता. म्हणून मुलगी गावच्याच शाळेत शेवटच्या बाकावर बसायची. फळ्यावरचं सगळं उतरवून काढायची. अक्षर वर्गात सगळ्यात सुरेख, पण लिहिलेल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला माहीत नव्हता.

"तेका काय सांगाचा आसला तर मी हात धरून ओढतंय," ती म्हणाली. "दुसरा काय येना नाय माका."

मी हे सगळं बहिणीला सांगितलं. तिने त्या बाईचा नंबर मागून घेतला आणि मला म्हणाली, "रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लाव. तू आईशी बोल, मी मुलीशी."

त्या घरात रेंज नव्हती. रेंज यायची ती वर सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या कातळाच्या उघड्या माळावर. पहिल्या रविवारी मायलेकी छत्री घेऊन तिथे येऊन बसल्या. मुलीने बहिणीकडे बघितलं, मग मोबाइल उलटा करून त्याच्या मागे बघितलं. बहिणीने एक खूण केली आणि नेमकं चित्र गोठलं. कानांनी ऐकणाऱ्यांचं बरं असतं, चित्र गेलं तरी आवाज येत राहतो. इथे हात गोठले की बोलणंच संपलं.

म्हणून बहिणीने दुसरा मार्ग काढला. ती अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे लहान व्हिडिओ करायला लागली. मुलीची आई बाजाराला गेली की तिथे ते उतरवून घ्यायची आणि घरी मुलगी ते हवे तितक्या वेळा बघायची. सड्यावरचा रविवार फक्त प्रश्नोत्तरांसाठी.

हे रेकॉर्डिंग आमच्या घरात मोठा कार्यक्रम होऊन बसलं. दाराला निळी चादर लावायची, मोबाइल पापडाच्या डब्याला टेकवायचा, आणि सकाळचं ऊन खिडकीतून येतं तेवढ्यात उरकायचं. शांतता मात्र लागायची नाही. शेजारच्या बिल्डिंगचं तोडकाम चालू असायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आई मावशीशी फोनवर मोठमोठ्याने बोलत असायची, आणि माझी बहीण त्या गदारोळात अगदी निवांतपणे मांजर, होडी, फणस शिकवत असायची. फक्त आईने मधून जायचं नाही, एवढंच. आई जायचीच. एका व्हिडिओत फणसाच्या मागून ती सुपात तांदूळ घेऊन जाताना दिसते. तो बहिणीने मुद्दाम तसाच पाठवला.

सुरुवातीला मुलगी नुसती नक्कल करायची, फळ्यावरचं उतरवायची तशीच. बहीण निराश व्हायची. मी म्हटलं, "अगं, लहान आहे, वेळ लागेल ना." ती म्हणाली, "लहान नाही. आठ वर्षं वाया गेलीत तिची." पण एके दिवशी मुलीच्या आईने घाईघाईने एक व्हिडिओ पाठवला. तो फार हललेला होता. मुलगी शेजाऱ्यांच्या कुंपणावरच्या मांजराकडे बोट दाखवत 'मांजर' म्हणत होती. मग गोठ्याच्या छपरावरच्या मांजराकडे धावली, पुन्हा 'मांजर'. आपल्या घरातल्या मांजराला जे म्हणायचं तेच जगातल्या सगळ्या मांजरांना म्हणायचं असतं, हे तिला कळलं होतं. माझ्या बहिणीने तो व्हिडिओ तिच्या सहा चौकोनांतल्या सगळ्या मित्रमैत्रिणींना दाखवला.

त्यानंतर शब्द भराभर आले. आंबा, वर्ग, राग, उद्या. मग आले प्रश्न. कोण, कुठे, का. 'का' शिकल्यावर पंधरा दिवसांनी तिच्या आईने मला कौतुकाने आणि थोड्या वैतागाने सांगितलं, "ताईनू, आता दिसभर कित्याक, कित्याक. माका उत्तरा खय येतत?"

आणि मग एका शनिवारी संध्याकाळी सड्यावरून तिचा वेगळाच फोन आला.

"चेडवान आज इचारल्यान, आजो खय?"

मुलीचे आजोबा वर्षभरापूर्वी वारले होते. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना नाक्यावरून रिक्षात घालून तालुक्याला नेलं, ते तिने पाहिलं होतं. त्यांना घरी आणलं तेव्हा मात्र घाबरेल म्हणून तिला दुसऱ्या वाडीत पाठवलं होतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी रिक्षास्टँडवर जाऊन उभी राहायची. पोरीला रिक्षा आवडतात, असं घरचे समजून होते. एक रिक्षावाला तिला खाऊही द्यायचा. ती तिथे आजोबांना न्यायला जाते, हे त्या दिवसापर्यंत कुणालाच कळलं नव्हतं, कारण विचारायला तिच्याकडे शब्द नव्हता.

मी सगळं बहिणीला सांगितलं. मग तिने विचारलं, "तिच्या आईने काय उत्तर दिलं?"

मी फोनवर विचारून सांगितलं, "तिने वर बोट दाखवलं. देवाकडे गेले, म्हणून."

बहिणीने मान हलवली आणि तिचे हात सावकाश चालायला लागले. बाबा गेले तेव्हा तिनेही सगळ्यांना विचारलं होतं, मिशीवर बोट फिरवून. आईने वर बोट दाखवलं, काकांनी वर दाखवलं, शेजारच्या काकूंनीही. "म्हणून मी वर गेले," ती म्हणाली. "पाचव्या मजल्यावर बघितलं, सहाव्या, सातव्या. मग गच्चीवर. गच्चीला कुलूप होतं. मला वाटलं, बाबा आत आहेत आणि तुम्ही चावी देत नाही."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत ती सारखी जिन्यात सापडायची एवढं आठवत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात कळले नाहीत तरी चेहरे तिला कळले. "काय म्हणता ती?" तिने विचारलं. मी सांगितलं. आईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बहिणीच्या शेजारी येऊन बसली. तिची वेणी सोडून पुन्हा घालत राहिली.

वेणी झाल्यावर बहीण मला म्हणाली, "तिच्या आईला सांग, वर बोट दाखवू नका. आणि उद्या आजोबांचा फोटो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सड्यावर वारा होता. मुलीने फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. बहिणीने आधी तिच्याकडून आजोबांबद्दल काढून घेतलं. ते दाढी करायचे, होडी रंगवायचे, तिला खांद्यावर घ्यायचे. मग तिने सांगितलं. श्वास थांबला. छातीतलं धडधडणं थांबलं. आता आजोबांना भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. त्यांचं शरीर उरलं नाही. मेले.

मुलीने विचारलं, "रिक्षा?"

"रिक्षा परत आली," बहीण म्हणाली. "आजोबा येणार नाहीत."

"का? माझ्यावर राग?"

"नाही. राग नाही. खूप आवडायचीस तू त्यांना."

इथे चित्र गोठलं. मुलीचा एक हात अर्धा वर, फोटो किंचित कलंडलेला. आम्ही वाट बघत राहिलो. बहिणीने आपले हात होते तसेच हवेत धरून ठेवले होते, जणू ते खाली घेतले तर फोनही कटेल. आई आमच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती.

चित्र परत आलं तेव्हा मोबाइल बहुतेक दगडाला टेकवून ठेवलेला होता. मुलीची आई तोंडाला पदर लावून रडत होती. आणि मुलगी तिच्या मांडीवर गुडघे टेकून, तिचा पदर बाजूला करून तिला समजावत होती. आधी एक खूण, मग दुसरी, आईला कळेल अशी सावकाश. आजोबा मेले. दुखत नाही. राग नाही. आईने मान हलवली की पुन्हा पहिल्यापासून.

बहिणीने मला हळूच सांगितलं, "कॉल बंद कर. त्या दोघी बोलतायत."

त्या संध्याकाळी मुलगी रिक्षास्टँडवर गेलीच, पण या वेळी आईला घेऊन. खाऊ देणाऱ्या त्या रिक्षावाल्याला तिने मागची सीट दाखवली आणि हातांनी सगळं सांगितलं. त्याला समजेना, तेव्हा तिच्या आईने तोंडाने सांगितलं. आपल्या लेकीचं बोलणं दुसऱ्या माणसाला सांगायची तिची ती पहिलीच वेळ. रिक्षावाल्याने मुलीला मागे बसवलं आणि खाडीपर्यंत एक फेरी मारून आणलं. त्यानंतर ती तिथे वाट बघत उभी राहिली नाही.

पुढच्या वर्षी शाळेत नवे गुरुजी आले, कोल्हापूरकडचे. शेवटच्या बाकावरची मुलगी मधल्या सुट्टीत आईशी हातांनी भांडताना त्यांनी बघितली आणि आम्हाला फोन केला. ते व्हिडिओ त्यांनी वर्गातल्या टीव्हीवर सगळ्यांनाच दाखवायला सुरुवात केली. पोरांना नवा खेळच मिळाला. आमच्या रविवारच्या कॉलवर आता सड्यावर आठ-दहा पोरं ढकलाढकली करत असतात, आणि गुरुजी घामाघूम होऊन मागे उभे असतात, कारण चढ मोठा आहे. शाळेत त्यांनी मुलीला पुढच्या बाकावर आणलं. गणितात ती अजून मागे आहे, पण वाचलेलं तिला कळतं.

आई अजूनही रेकॉर्डिंगच्या मधून जाते. आता तिच्या हातात सूप असेल तर ती थांबून कॅमेऱ्याला 'तांदूळ' करून दाखवते. चुकीचं करते, मग बहिणीला सगळं पुन्हा करावं लागतं.

गेल्या महिन्यात गुरुजींचा मला ऑफिसात फोन आला. आवाज गंभीर होता. सहामाही परीक्षा चालू होती, वर्ग अगदी शांत होता, आणि पोरं एकमेकांना हातांनी उत्तरं सांगत होती. त्यांना स्वतःला खुणा येतात, म्हणून पकडलं गेलं.

"आणि सांगत कोण होतं?" मी विचारलं.

"ताई, हीच. पुढच्या बाकावरून, मागे वळून."

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे बहिणीला सांगितलं. तिने चेहरा कडक करायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "उत्तरं बरोबर होती का ते विचार."

मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "भागाकार सोडून सगळी."

बहिणीने मान डोलावली आणि दाराला लावायची निळी चादर शोधायला उठली.