नाव माझंच का दिलंत, बाई

बाई, मी येडा नव्हतो.

हे मी तुम्हाला दर दिवाळीला फोनवर सांगायचो आणि तुम्ही हसायचात. यंदाचं भांडण अर्धंच राहिलं.

परवा सकाळी आमच्या शाळेतल्या बाई नाशिकच्या दवाखान्यात वारल्या. वर्गातल्या गणप्याचा फोन आला तेव्हा मी विशाखापट्टणमला गोदीत शिडीवर होतो. खाली उतरलो. कुणाला सांगावं कळेना. इथं मराठी कुणालाच येत नाही.

म्हणून ही पोस्ट लिहितोय.

आमची शाळा सुरगाण्याच्या डोंगरात. भात कापलं, दिवाळी झाली, की आमच्याकडची आई-बापं पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागांत कामाला जातात. येतात ती शिमग्याला. तोवर पोरं आजीपाशी.

मी चौथीत होतो. बाई नाशिकला ट्रेनिंग करून आल्या. पोरांचं वागणं, पोरांचं मन शिक्षकांनीच तपासायचं होतं. एकेका पोराचा कागद.

एका जागी बसतं का. मारामारी करतं का. उगाच रडतं का. पोट दुखतं म्हणतं का.

आणि बाईंनी हे भरलं कधी, तर दिवाळीनंतर!

अहो बाई, आया बागेत गेल्यावर कुणाचं पोट दुखत नव्हतं?

बाईंनी जे दिसलं ते भरलं. जवळजवळ सगळा वर्गच डॉक्टरला दाखवण्याजोगा निघाला. तालुक्याचे साहेब कागद बघून हसले.

"बाई, शाळा आहे का मेंटल हॉस्पिटल? एवढी पोरं कुठं नेणार? एक नाव द्या."

बाईंनी एक नाव दिलं.

माझं.

आजी आडवी आली. "माझ्या नातवाला काय धाड भरलीय?"

"धाड नाही भरली, आजी. दाखवून आणते. संध्याकाळी तुमचा तुम्हाला परत."

जीपवाला म्हणाला, "बाई, ह्याला पुढं बसवू का मागं? चावत तर नाय ना?"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो. तू रस्त्याकडं बघ."

नाशिकला डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय होतं रे तुला?"

मी म्हटलं, "मला एकट्याला काय नाय होत. सगळ्यांनाच होतं. गणप्या रडतो. यमी जेवत नाय. आमच्या आया बागेत हायत."

"आईशी बोलतोस का?"

"कसा बोलू? ती पिंपळगावला."

मॅडम बाईंकडं वळल्या. "गोळी नको याला. आईचा आवाज ऐकू द्या."

"याला एकट्याला?" बाईंनी विचारलं.

पुढच्या शनिवारी बाई बटणांचा फोन घेऊन आल्या.

शाळेत रेंज नव्हती. वरच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी यायची. दर शनिवारी शाळा सुटली की तिथं लाईन. पलीकडं बागेतल्या मुकादमाचा फोन, स्पीकर चालू.

"बाई, मी मजूर आणलेत ते फोनवर बोलायला का?"

"दोन मिनिटं, भाऊ. लेकरं आहेत."

गणप्या ओरडला, "आये, शेळी व्याली! दोन!" पलीकडं अख्खी बाग हसली.

यमी नुसती फोन कानाला लावून उभी. तिकडून आई विचारतेय, जेवली का, जेवली का. ही मान हलवतेय.

"अगं, तोंडानं सांग," बाई म्हणाल्या. "तिला मान दिसत नाही."

माझा नंबर आला. आईनं पहिलं काय विचारलं माहितीय?

"तुला डोक्याच्या दवाखान्यात नेलं म्हणं?"

जीपवाल्याची बातमी आमच्या फोनच्या आधी पिंपळगावला पोचली होती.

तेव्हापासून मी येडा.

सातवीत त्यावरनंच मारामारी झाली, शाळा सुटली. सुरतेत टिकलो नाही, पुण्यात टिकलो नाही. यंदा सोयरीक जमत आली होती. मुलीच्या मामानं विचारलं, "येड्यांच्या दवाखान्यात नेलेला तो हाच का?"

झालं. मोडली.

म्हणून या दिवाळीला मी चिडूनच फोन केला. "बाई, सगळ्या वर्गाचं पोट दुखत होतं. नाव माझंच का दिलंत?"

या वेळी बाई हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "बाकीची सगळी गप्प होती रे. डॉक्टरसमोर मान खाली घालून बसली असती. तू तोंडाचा. तू सगळ्यांचं सांगशील, म्हणून तुला नेलं."

मी सोयरीक मोडल्याचं सांगितलं.

"तुला इतकं भोगावं लागेल असं वाटलं नव्हतं, बाळा. तेवढं चुकलं माझं."

मागनं सुपरवायझर ओरडला, फोन रखो. मी म्हटलं, बाई, नंतर बोलतो.

ते नंतर आता नाही.

आज शनिवार. माझी ताई यंदा पिंपळगावला बागेत आहे. तिची सोनी आता चौथीत, त्याच शाळेत.

दुपारी ताईचा फोन. "भाऊ, सोनीचा फोन आलाच नाय रे. सगळ्या बाया हात धुऊन बसल्यात. मुकादम पण काम सोडून फोन धरून बसलाय."

मी शाळेतल्या नव्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "फोन आहे कपाटात. बॅलन्स संपलाय. बाई स्वतःच टाकत होत्या वाटतं. आम्हाला माहीतच नव्हतं."

एवढी वर्षं. तोच नंबर.

बाई, माझं भांडण मिटलेलं नाही. सोयरीक मोडली ती मोडलीच. वर भेटलात की पुन्हा विचारणार आहे.

पण सोनी पण गप्प पोरगी आहे. आज टाकीपाशी जाऊन नुसती उभी राहिली असेल.

बाई, नीट जा. तुमच्या वर्गातल्या सगळ्या पोरांचा नमस्कार. गप्प होती त्यांचापण मीच सांगतो.

शाळेच्या त्याच नंबरवर आत्ताच टाकतोय. शिमग्यापर्यंत पुरेल एवढा रिचार्ज.

चारशे एकोणऐंशी रुपये.