पिशवीने धरलेली जागा

डब्लिनमध्ये मेट्रो नाही. ती येणार आहे, असं स्वोर्ड्स या उपनगरात घर घेतलेले आमचे मित्र दर दिवाळीला सांगतात आणि आम्ही दर दिवाळीला "अरे वा" म्हणतो. आम्ही ब्लँचर्डस्टाउनवाले आहे त्यात भागवतो. ट्रेनने कालव्याकाठच्या एका स्टेशनावर उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या ट्रामने शहरात जायचं. स्टेशन कसलं, दोन फलाट, एक पूल आणि वारा.

या भिकार जागेवरून माझी आणि आईची पैज लागली.

आई अकोल्याची, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. बाबा गेल्यावर ती तिथे एकटी राहायला लागली आणि तिने एकदा फोन उचलला नाही की इथे मीटिंगमध्ये मला घाम फुटायचा. तिला तीन महिन्यांसाठी म्हणून आणलं, पण मनात ठरवून टाकलं होतं की आता हिला परत पाठवायचं नाही. व्हिसाची भानगड नंतर निस्तरू, आधी होकार तर मिळू दे.

होकार कसला मिळतोय! तिला एकटीला मी कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवत नव्हते, त्याचा राग तिच्या नाकावर. "मी का पार्सल आहो का? सोडून द्याचं, उचलून आणाचं?" शेवटी एका रविवारी जेवताना जुंपलीच. मी म्हटलं, इथे एक गाडी बदलून जाता येत नाही तुला आणि अकोल्याला एकटी राहायच्या गोष्टी करतेस! या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, पण भांडणात संबंध कोण बघतो?

"ठीक आहे," आई म्हणाली. "मी एकटी ट्रेननं जातो, ट्रामनं शहरात जातो अन् चहा पिऊन येतो. जमलं तं तू मले अकोल्याले जाऊ देशील, तोंड वाकडं न करता. नाही जमलं तं राहीन इथंच, कायमची."

नवऱ्याने तटस्थ राहायचं ठरवलं, म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी मी तिला स्टेशनावर सोडलं, टाटा केला आणि गुपचूप शेवटच्या डब्यात चढले. अंगात नवऱ्याचं टोपीवालं जॅकेट, तोंडावर मास्क. काचेत बघितलं तर थेट मंगळसूत्र खेचणारी दिसत होते. आता खरं सांगते, ती चुकावी असंच मला वाटत होतं. लाज वगैरे काही नाही. माझी आई आहे, मला ती जवळ हवी होती, बस्स.

पण बाई चुकेल तर शपथ! उतरल्यावर तिने फलाटावरच्या खांबाला तिकिटाचं कार्ड टेकवलं. गुडघे धरत पूल ओलांडला. ट्रामच्या फलाटावर पुन्हा कार्ड टेकवलं, कारण इथे ते आत चढण्याआधीच करावं लागतं. ट्राम दारं उघडी टाकून उभीच होती. आई आत गेली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिने आपली कापडी पिशवी ठेवली. मी खांबाआडून कपाळावर हात मारला. जागा धरली! अख्खी ट्राम रिकामी आणि ही जागा धरतेय! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही, पण म्हणून इथे?

मग काय झालं कोण जाणे, पिशवी तशीच ठेवून आई खाली उतरली आणि फलाटावर इकडेतिकडे बघायला लागली. मी आणखी मागे सरकले. तेवढ्यात दारं लागली. पिशवी धरलेल्या जागेसकट शहराकडे निघाली आणि आई फलाटावर राहिली.

मी जिंकले! अगदी उडी मारायच्या बेतात होते. मग आईकडे लक्ष गेलं. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले. बाबांना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा असेच धरले होते. जिंकल्याचा आनंद तिथेच मेला. खड्ड्यात गेली पैज, म्हणून मी पुढे पाऊल टाकलं, तर हिने पदर खोचला आणि फलाटावरच्या पिवळ्या जॅकेटवाल्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"एक्सक्यूज मी. माय बॅग हॅज गॉन टू द सिटी. आय हॅव नॉट."

मला वाटलं, झालं. बेवारस पिशवी, आता पोलीस येतील, कुत्री येतील, पिशवीतल्या बेसनाच्या लाडवांची तपासणी होईल. तो माणूस खो खो हसला. "यू आर ग्रँड, लव्ह." ग्रँड म्हणजे इथे काहीही, ठीक आहे, चालतंय, कोणी मेलं नाही ना. त्याने ड्रायव्हरला फोन लावला आणि आईला पुढच्या ट्राममध्ये बसवून दिलं. मी धावत पळत मागच्या दाराने घुसले.

दोन स्टॉप गेले आणि तिथे फलाटावर दोन आयरिश आज्ज्या पिशवी छातीशी धरून उभ्या! पहिल्या ट्रामच्या ड्रायव्हरने विचारल्यावर या आपण होऊन उतरल्या होत्या म्हणे. आता त्या आमच्या ट्राममध्ये चढल्या. "आम्ही तुमच्या जागेवर कोणालाही बसू दिलं नाही हं," त्यातली एक अभिमानाने सांगत होती. आईने तिथल्या तिथे डबा उघडून दोघींच्या हातावर लाडू ठेवले. आणि मग काय करावं या बाईने? पिशवी पुन्हा शेजारच्या सीटवर!

ट्राम भरत गेली. लोक दाटीवाटीने उभे, पण ती पिशवी उचला म्हणायची एकाची हिंमत नाही. आयरिश माणूस पाय मोडेपर्यंत उभा राहील, पण विचारणार नाही. मी मागे मास्कच्या आत चरफडत होते. अगं उचल ना ती, नाक कापतेस माझं!

तेवढ्यात तिकीट तपासनीस चढला. मी ऐटीत कार्ड पुढे केलं. त्याने यंत्राला लावलं आणि मान हलवली. धावपळीत मी फलाटावर कार्ड टेकवलंच नव्हतं. एवढी वर्षं इथे राहून, आईवर पाळत ठेवताना, मी विनातिकीट! मी त-त-प-प करत होते आणि अख्खी ट्राम बघत होती.

"शी इज विथ मी," गर्दीतून शाळेच्या घंटेसारखा आवाज आला. "शी इज न्यू हिअर. शी गेट्स कन्फ्युज्ड."

तपासनिसाने आईकडे बघितलं, माझ्या जॅकेटकडे बघितलं आणि दया येऊन पुढे गेला. आईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये, बस. कवाची जागा धरून ठेवली तुह्यासाठी."

"तुला माहीत होतं?"

"जावयाचं जॅकेट घालून फिरतं, मले का दिसत नाही का? पहिल्या ट्राममधी बी तुह्यासाठीच धरली होती. तू येऊनच नाही राहिली, म्हणून पाहाले उतरली, तं गेली ना बाप्पा गाडी!"

मी बसले. ती एकटी आलीच नव्हती, म्हणजे पैज मोडली, असं मला सहज म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात आईने माझ्या हातावर लाडू ठेवला आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "अकोल्याचं तिकीट बदलाचं नाही ना मग?"

"नाही," मी म्हटलं. तोंड वाकडं झालंच होतं, म्हणून जॅकेटची टोपी आणखी पुढे ओढून घेतली.